काठमांडूतला जुमा

अम्मीला डोंगरावरचा बर्फ पाहायचा होता. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिने ही इच्छा सांगितली तेव्हा आधी आम्ही हसलो. आमचे घर कोकणात, खाडीच्या काठाला. तिने आयुष्यभर बर्फ पाहिला तो मासळीच्या पेटीत. पण ती गंभीर होती. "उमराह झाला, नातवंडं झाली, आता एवढं एक दाखवा," म्हणाली. मग दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे, आठवीतली लेक आणि अम्मी असे चौघे नेपाळला सहा दिवसांसाठी जायचे ठरले.

जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी आधी कामाचे सांगून टाकतो. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण विमानाने जायचे तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. आधार कार्ड फक्त १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना चालते. आम्हा दोघांचे पासपोर्ट उमराहच्या वेळी काढलेले होते, म्हणून अडचण आली नाही. विमानतळावर आमच्या पुढचे एक जोडपे मात्र आधार कार्ड हातात घेऊन रडकुंडीला आले होते. पैसे आम्ही नेले ते शंभराच्या नोटांत. आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० होतात. त्यामुळे प्रत्येक भाव ऐकून अम्मी आधी दचकायची, मग लेक मनातल्या मनात हिशेब करून तिला शांत करायची. आणि मुंबईहून जाताना विमानात डाव्या बाजूची खिडकी मागून घ्या. आम्हाला उजवीकडची मिळाली. डावीकडचे लोक "ते बघा, ते बघा" म्हणत होते आणि अम्मी माना उंचावणाऱ्यांच्या पाठी बघत होती.

आमच्या तालुक्यातल्या ज्यांनी सहल ठरवून दिली, त्यांनी हॉटेलात हलाल जेवण मिळेल असे छातीठोकपणे सांगितले होते. तिथे पोचल्यावर कळले की स्वयंपाकघरातल्या कुणी हा शब्दच ऐकलेला नाही. बिचारा मॅनेजर गोंधळून आम्हालाच विचारू लागला, ते कसे शिजवतात? पहिले दोन दिवस दालभात, भाजी आणि गुंद्रुकवर काढले. गुंद्रुक म्हणजे पालेभाजी आंबवून, वाळवून ठेवतात, तिची आंबट आमटी. अम्मी कोकणातली, भात समोर आला की तिची तक्रार संपते. लेकीला मोमो खायचे होते. इथे गाय राष्ट्रीय प्राणी, तिची कत्तल बंद. मोमोत बहुतेक ठिकाणी म्हशीचे मांस असते. पण म्हैस आहे म्हणून हलाल आहे असे होत नाही, हे तिला समजावून भाजीच्या मोमोवर भागवले. पुढे मशिदीजवळ हलाल खाणावळ सापडली, तेव्हा तिने एकटीने दोन प्लेट संपवल्या.

नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटांनी पुढे आहे. अर्धा तास नाही, एक तास नाही, बरोबर पाव तास. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची, त्यांची गौरीशंकर शिखराजवळून जाणाऱ्या सव्वाशहाऐंशी अंशांवरची. फरक पावणेचार अंशांचा, एका अंशाला चार मिनिटे, झाली पंधरा. लेकीने हा हिशेब हॉटेलच्या कागदावर मांडून दाखवला, तेव्हा तिच्या भूगोलाच्या बाईंना मनोमन सलाम केला. अम्मीचा प्रश्न वेगळाच होता. असरची अजान तिच्या अंदाजापेक्षा बरीच उशिरा कशी? त्यात घड्याळाचा दोष नव्हता. आम्ही शाफई, तिथले लोक हनफी; त्यांची असर उशिराच होते. हे सांगितल्यावर तिला एकदम आपल्या घरातली भांडणे आठवावीत तसे हसू आले.

भाषेचे एक सांगायलाच हवे, कारण आमचा धंदाच तो. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे पाट्या वाचता येतात. दुकान म्हणजे पसल. पण खरी गंमत फारसी शब्दांची. सर्वोच्च न्यायालयाच्या पाटीवर 'सर्वोच्च अदालत', कायद्याला 'कानुन', बाजाराला 'बजार', शिवाय कागज, दस्तखत, वकिल. शाळेत उर्दूचा तास संपवून मराठीच्या वर्गात जावे आणि अर्धे शब्द आपल्याबरोबर चालत आलेले दिसावेत, तसे आम्हाला रस्तोरस्ती होत होते.

आम्ही पोचलो तेव्हा त्यांची दिवाळी, म्हणजे तिहार चालू होता. त्यात एक दिवस कावळ्याचा, एक कुत्र्याचा. रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांच्याही गळ्यात झेंडूच्या माळा, कपाळावर टिळा. पूर्ण जगात कुत्र्याला असा एक दिवस मिळत असेल हे लेकीला खरे वाटेना. रात्री मुलांच्या टोळ्या दारोदार गाणी म्हणत फिरत होत्या.

भक्तपूर एका दुपारीच पाहिले, त्याला खरे तर दोन दिवस हवेत. विटांचे रस्ते, लाकडी कोरीव खिडक्या, आणि १७०२ साली बांधलेले पाच मजली न्यातापोल मंदिर. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमध्ये सुमारे ९ हजार माणसे गेली, काठमांडूचा धरहरा मनोरा कोसळला, भक्तपुरातलीही कितीतरी घरे बसली. हे सर्वांत उंच मंदिर मात्र उभे राहिले. १९३४ च्या भूकंपातही राहिले होते. तिथे मातीच्या कुल्हडात जुजु धौ मिळते, म्हणजे 'दह्यांचा राजा'. घट्ट, किंचित गोड. अम्मीने कुल्हड धुऊन सोबत घेतले, ते आता आमच्या स्वयंपाकघरात मिठाला आहे.

काठमांडूत इंद्रचोकला पोते बाजार आहे. पोते म्हणजे बारीक मण्यांच्या सरांची माळ, तिथल्या लग्न झालेल्या हिंदू बायकांचे सौभाग्यलेणे, आपल्याकडच्या मंगळसूत्रासारखे. छोट्या छोट्या खोपटांत लाल, हिरव्या, पिवळ्या मण्यांचे झुबके छतापासून लोंबत असतात, आणि ते ओवणारे, विकणारे बहुतेक मुसलमान. आम्ही एका दुकानापुढे रेंगाळलो. दुकानदाराने टोपी पाहून सलाम केला आणि उर्दूत बोलू लागला. त्यांचे बुजुर्ग काश्मीरकडून आले, किती पिढ्या झाल्या ते त्यांना मोजता येत नव्हते. बोलताना त्यांचे हात चालूच होते. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून सर ओवत होते. समोर एक नवी नवरी सासूबरोबर बसली होती. सासूने रंग नापसंत केला की ते न कंटाळता दुसरा झुबका काढत.

अम्मी तिथेच बसली. तिची आई, म्हणजे आमची नानी, मणेरांच्या घरातली. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव जायची, नागपंचमी-गौरीच्या दिवसांत तर तिला जेवायला फुरसत नसायची. कितीतरी हिंदू घरांत चुडा भरायला तीच लागायची. अम्मीने हे दुकानदाराला मोडक्या उर्दूत सांगितले. त्यांनी सांगितले की इथल्या डोंगरी भागात, गोरखा, तनहुँ, कास्कीकडे राहणाऱ्या मुसलमानांना चुरौटेच म्हणतात, चुड्या विकणारे म्हणून. अम्मी खूश. "बघ, आपले इथंही आहेत," म्हणाली. तिने हिरव्या मण्यांची एक माळ घेतली. सौभाग्यलेणे आहे हे ठाऊक असूनही, आणि अब्बांना जाऊन नऊ वर्षे झाली असूनही. आमच्या पत्नीने काही बोलायचे टाळले, आम्हीही.

चौथ्या दिवशी शुक्रवार होता. काठमांडूत घंटाघर आहे, त्याला लागून त्रिचंद्र कॉलेज, समोर राणीपोखरी हे तळे. १६७० साली राजा प्रताप मल्लने मुलाच्या मृत्यूने खचलेल्या राणीसाठी ते खोदवले. या सगळ्याच्या जवळच, रहदारीच्या अगदी कडेला दोन मशिदी आहेत. एक काश्मिरी तकिया, दुसरी नेपाळी जामे मशीद. काश्मीरचे व्यापारी मल्ल राजांच्या काळात इथे आले, ल्हासापर्यंत जाणाऱ्या व्यापाराच्या वाटेवर काठमांडू पडत असे. १९५९ नंतर ल्हासाहून आलेली तिबेटी मुसलमान कुटुंबेही या शहरात आहेत. आज नेपाळच्या लोकसंख्येत मुसलमान साधारण पाच टक्के, त्यातले बरेचसे भारताला लागून असलेल्या तराईत. जुम्याला सफेत आमच्या एका बाजूला तिबेटी चेहऱ्याचा तरुण होता, दुसऱ्या बाजूला बिहारी वळणाची भोजपुरी बोलणारा सुतार. बयान उर्दूत झाले. आमच्याकडच्यासारखेच, थोडे लांबलेच.

नमाजनंतर एका वयस्कर गृहस्थांना विचारले, बेगम हजरत महल यांची कबर कुठे?

"लखनऊ से आए हैं?"

"नहीं, महाराष्ट्र से."

"अच्छा, दूर से आए." आणि ते स्वतः पुढे चालू लागले.

१८५७ शिकवताना बेगमचे नाव आमच्या तोंडून आजवर एका वाक्यात निघून जायचे. झाशीची राणी, तात्या टोपे, नानासाहेब, आणि लखनौला बेगम हजरत महल, पुढचा धडा. कबरीपाशी उभे राहिल्यावर त्या वाक्याची लाज वाटली. इंग्रजांनी १८५६ साली अवध खालसा केले. नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला गेले, ही बाई लखनौलाच राहिली. पुढच्या वर्षी उठाव झाला तेव्हा तिने आपला अल्पवयीन मुलगा बिरजिस कद्र याला गादीवर बसवून कारभार हाती घेतला. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनौ परत जिंकले, तरी ती लढत मागे हटत राहिली. त्या नोव्हेंबरात राणी व्हिक्टोरियाचा माफीचा जाहीरनामा निघाला, तर तिने त्याला उत्तर देणारा स्वतःचा जाहीरनामा काढला: यांच्या शब्दावर विसंबू नका. नंतर पेन्शन देऊ केली तीही नाकारली. आणि शेवटी नेपाळात आली. इथे आसरा दिला जंगबहादुर राणांनी, ज्यांच्या गुरखा फौजेने त्याच लखनौवर इंग्रजांना मदत केली होती! इतिहासात अशी माणसे असतात. वर्गात ती समजावणे फार अवघड जाते.

आपल्या नानासाहेब पेशव्यांनीही याच मुलखात आसरा घेतला होता. त्यांच्या घरच्या स्त्रिया काठमांडूत राहिल्या. नानासाहेब तराईत वारले म्हणतात, पण त्याचा पक्का पुरावा कधी मिळाला नाही, त्यांची समाधी दाखवता येत नाही. बेगम १८७९ साली इथेच वारली. मुलगा पुढे कलकत्त्याला गेला आणि १८९३ साली तिथे मरण पावला. नवराही कलकत्त्यातच दफन. एकटी तीच इकडे. आपल्या सरकारने १९६२ साली लखनौच्या व्हिक्टोरिया पार्कला तिचे नाव दिले, १९८४ साली टपाल तिकीट काढले. कबर मात्र अगदी साधी. अवधच्या इमामबाड्यांचा थाट ज्यांनी पाहिला असेल त्यांना ती शेजाऱ्याची वाटेल.

बायकांनी कबरीवर जावे की नाही, यावर आमच्या घरात दोन मते आहेत. अम्मी स्वतः गावच्या कब्रस्तानात कधी जात नाही. इथे ती आधी चार पावले दूर थांबली. त्या गृहस्थांनी ओळखले. "यहीं से पढ़ लीजिए अम्मा," म्हणाले. ती पदर सावरून उभी राहिली.

आम्ही फातेहा पढून हात तोंडावरून फिरवले, तरी तिची दुआ चालूच. रस्त्यावर बसचे कंडक्टर ओरडत होते, हॉर्न वाजत होते. लेक चुळबुळ करू लागली, तिला आम्ही खुणेने गप्प केले. बऱ्याच वेळाने अम्मीने विचारले, "हिच्या घरचं कुणी येतं का रे इथं?"

आम्ही त्या गृहस्थांना विचारले. "लखनऊ के लोग आते हैं, कभी-कभी. वरना हम लोग तो हैं ही."

अम्मीने मान हलवली, पुन्हा हात उचलले. या वेळी दुआ छोटी होती, आणि तिच्या शेवटी तिने जे नाव घेतले ते बेगमचे नव्हते. आमच्या मामूचे होते. पत्नीनेही ऐकले. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पोखराला निघालो. २०० किलोमीटर, पण रस्त्याची कामे चालू, नऊ तास लागले. खाली त्रिशूली नदी हिरवी वाहत होती, वर धूळ. पुढचा प्रवास विमानाने करा एवढेच सांगतो. पोखराचा फेवा तलाव, नावा, दुकाने, सगळे छानच आहे, त्याची चित्रे कुठेही पाहायला मिळतील.

पहाटे पाचच्या आत टॅक्सी करून सारंगकोटच्या टेकडीवर गेलो. अंधार आणि हाडात शिरणारी थंडी. फजरची वेळ झाली होती. एका घराच्या गच्चीवर पर्यटकांना बसायला खुर्च्या मांडल्या होत्या. मालकिणीने एक कोपरा रिकामा करून दिला. शाली अंथरल्या. नेपाळहून किब्ला जवळजवळ थेट पश्चिमेला येतो, म्हणजे अन्नपूर्णेची रांग आमच्या उजव्या हाताला, आणि सूर्य पाठीमागून उगवणार. नमाजला उभे राहिलो तेव्हा उजवीकडे नुसता काळोख होता. शेवटचा सलाम फेरायला मान उजवीकडे वळवली तर उजाडू लागले होते आणि समोर पांढरे शिखर उभे होते. माछापुच्छ्रे, ६,९९३ मीटर, माशाच्या शेपटीसारखे. त्याच्यावर चढाईला परवानगी नाही. डावीकडचा सलाम फेरायचे भानच क्षणभर राहिले नाही, अल्लाह माफ करो.

मग सूर्य आला आणि बर्फ आधी गुलाबी, नंतर सोनेरी, नंतर नुसता पांढरा झाला. लोक टाळ्या वाजवत होते. अम्मी खुर्चीत शालीत गुरफटून बसली होती, हातात चहाचा पेला. आम्ही विचारले, "कसा वाटला बर्फ?"

"चांगला आहे," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, कुणी काही विचारले नसताना, मामूचे सांगू लागली.

मामू १९८३ साली दम्मामला गेले वेल्डिंगच्या कामावर, वय चोवीस. दीड वर्षाने गावात तार आली. अपघात झाला, दफन झाले, एवढेच. मयत आणायची ऐपत नव्हती आणि कुणाला विचारायचे तेही ठाऊक नव्हते. गावच्या मशिदीत गायबाना जनाजाची नमाज झाली. पुढे एक पेटी आली. त्यात दोन शर्ट, एक रेडिओ आणि नानीसाठी घेतलेल्या काचेच्या बांगड्या. बांगड्या विकणाऱ्या आईला मुलाने बांगड्या पाठवल्या, म्हणून नानी आधी हसली होती म्हणे. उमराहला गेलो तेव्हा अम्मीने मक्केत गटप्रमुखांना विचारले होते, दम्माम इथून किती लांब? हजार किलोमीटरहून जास्त, असे ऐकून ती गप्प बसली. आम्हाला तेव्हा काही बोलली नाही. आम्ही शेजारच्याच खोलीत होतो.

"तिच्या कबरीवर माणसं तरी जातात," अम्मी म्हणाली. "याच्या कबरीवर चाळीस वर्षांत कुणी फातेहा पढला असेल का रे?"

आता उमराहच्या व्हिसावर सौदीतल्या इतर शहरांतही जाता येते, हे आम्ही तिला तिथेच सांगितले. तिने चहा संपवला आणि पेला परत देऊन आली.

परतताना आम्ही डावीकडे बसायचे की उजवीकडे, यावर लेकीने बराच विचार केला आणि उजवीकडची खिडकी मागितली. बरोबर निघाली. अम्मीला अर्धा तास डोंगर दिसले.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही गावातल्या एका चाचांकडे गेलो. मामूबरोबर दम्मामला एकाच खोलीत राहायचे ते. आता ऐकू कमी येते. कब्रस्तानाचे नाव त्यांना आठवेना. पण फाटकातून आत गेल्यावर उजवीकडे, भिंतीपासून चौथी ओळ, हे त्यांनी हवेत बोट फिरवून दोनदा दाखवले. तिथे नावाचा दगड नसतो, आणि इतक्या वर्षांत ती जागा तशीच असेल की नाही सांगता येत नाही, असेही म्हणाले.

"भिंत तर असेल," अम्मी म्हणाली.

लेकीने वही काढली आणि चाचांना पुन्हा पहिल्यापासून विचारू लागली: फाटक कोणत्या दिशेला?